उपाशी नळी

माझा जीव भांड्यात पडला त्याला आता तीन आठवडे झाले. तरी अजून सकाळी डोळे उघडले की मी आधी ते एकदा आठवून बघते. खरंच झालं ना? झालं. मग पाय जमिनीवर टाकते. एवढी मोठी सुटका माझ्या वाट्याला फार वेळा आलेली नाही, म्हणून ही मी पुरवून पुरवून वापरते आहे.

मी एका तपासणी प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर जंतू वाढवते. बावीस वर्षं झाली. मला सगळे 'जंतूबाई' म्हणतात, तोंडावरसुद्धा. वरच्या मजल्यावर माणसांच्या रक्तातल्या जनुकांच्या तपासण्या होतात आणि त्यांना लागणारी काही एन्झाइम आम्ही खाली जंतूंकडून बनवून घेतो. जंतूंना एक जनुक द्यायचं, त्यांना खाऊपिऊ घालायचं, आणि त्यांनी बनवलेलं प्रथिन गाळून छोट्या नळ्यांत भरून वर पाठवायचं. माझं डोकं लवकर तापतं. जंतूंची त्याबद्दल तक्रार नसते. वरच्या मजल्याची असते.

मला एक बहीण आहे, दहा वर्षांनी धाकटी. ती बस चालवते. आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि ती नऊ. आईला गर्भाशयाचा कर्करोग झाला होता आणि वय होतं चव्वेचाळीस. धाकटीची वेणी तेव्हापासून मी घातली, शाळेच्या वह्यांवर सह्या मी केल्या, तिच्या लग्नात तिच्यापेक्षा जास्त मीच रडले. तिला आणि तिच्या नवऱ्याला दोन वर्षं मूल हवं होतं आणि होत नव्हतं. म्हणून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी घरच्यांचे आजार विचारले, आईचं ऐकलं, आणि दोघी बहिणींना म्हणाल्या, एकदा जनुकांची तपासणी करून घ्या.

माझा निकाल स्वच्छ आला. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी धाकटीचा आला आणि मला त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

पेशीत रोज लहानमोठ्या चुका होतात, आणि त्या दुरुस्त करणारी काही जनुकं असतात. त्यांतल्या एका जनुकात धाकटीच्या एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर होतं. ते जनुक बिघडलेलं असेल तर गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकावे लागणार होते, आणि तिच्या वयाला फार थांबण्यात अर्थ नव्हता. बिघडलेलं नसेल तर वर्षातून एकदा तपासणी करायची आणि खुशाल मूल होऊ द्यायचं. रिपोर्टात लिहिलं होतं, 'अर्थ स्पष्ट नाही.' आता ह्या तीन शब्दांवर माणसाने जगायचं कसं?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आरएनए बघावा लागेल. ती तपासणी आमच्याच प्रयोगशाळेत वर होते. नातेवाइकाच्या नमुन्याला हात लावायचा नाही हा आमचा नियम आहे, आणि तो चांगला नियम आहे. मी हात लावला नाही. मी फक्त धाकटीच्या स्वयंपाकघरात बसून तिला ते काय प्रकरण आहे ते समजावलं.

"हे बघ," मी म्हटलं, "डीएनए म्हणजे मूळ पुस्तक. ते आपल्या पेशीत केंद्रक नावाच्या खोलीत कुलपात असतं, बाहेर न्यायचं नाही. कुठलं प्रथिन बनवायचं असेल तर त्या पानाची प्रत काढायची. ती प्रत म्हणजे आरएनए."

"झेरॉक्स."

"झेरॉक्स म्हण. पण आपल्या पुस्तकाची गंमत अशी की पानावर कामाचा मजकूर सलग नसतोच. चार ओळी कामाच्या, मग चाळीस ओळी मधलाच कुठला तरी मजकूर, मग परत कामाच्या. प्रत काढणारं यंत्र सगळंच उतरवून काढतं, त्याला अक्कल नाही. मग दुसरं एक यंत्र कात्री घेऊन बसतं, मधले तुकडे कापतं, कामाचे तुकडे एकमेकांना जोडतं. पुढे टोपी घालतं, मागे शेपूट लावतं, आणि मग ती आखूड प्रत खोलीबाहेर जाते. बाहेर तिच्यावरून प्रथिन बनतं."

"एवढा उपद्व्याप कशाला? मधला मजकूर लिहायचाच कशाला मुळात?"

"ते तू मला विचारू नकोस. माझ्या जंतूंमध्ये असलं काही नाही. त्यांना आतली खोलीच नसते, सगळा संसार एकाच खोलीत. मजकूर सलग, त्यामुळे कापाकापी जवळजवळ नाहीच. आणि घाई इतकी की प्रत अजून निम्मी निघतेय तोवर तिच्या सुटलेल्या टोकावर प्रथिन बनायला सुरुवातही होते."

धाकटीने कपातला चहा संपवला. "म्हणजे तुझे जंतू म्हणजे प्रवासी चढताहेत तोवरच गाडी सोडणारे. आणि आपली पेशी म्हणजे डेपोतून झाडून-पुसून, तपासून मगच गाडी बाहेर काढणार."

मी बावीस वर्षांत इतकं सोपं कुणाला सांगितलं नव्हतं. "हो," मी म्हटलं, "आणि जंतूंना कात्री नाही, हे मला फार महागात पडलं होतं. नवी होते तेव्हा मी एका प्राण्याचं जनुक मधल्या तुकड्यांसकट जंतूंना दिलं. तीन महिने त्यांना वाढवत बसले. ते बिचारे तो मधला फापटपसाराही इमानदारीत वाचत होते आणि भलतंच काहीतरी बनवत होते. आमचे तेव्हाचे सर म्हणाले, 'त्यांना आधी कापून-जोडून दे, मग मागणी कर.' आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!"

ती हसली. मग तिने रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "आणि माझं अक्षर?"

"तुझं अक्षर मधल्या तुकड्यात आहे, अगदी कडेला. कात्रीला कुठे कापायचं ते कडेच्या खुणांवरून कळतं. तुझी खूण पुसली गेली असेल तर तो तुकडा प्रतीत तसाच राहील आणि प्रथिन वाया जाईल. खूण शाबूत असेल तर काही नाही, कुणाच्या कपाळावर तीळ असतो तसं आहे. प्रत लांब दिसते की आखूड, एवढंच बघायचं."

"एवढंच," ती म्हणाली, आणि कप विसळायला उठली.

दहा दिवसांनी निकाल आला. 'मधला तुकडा प्रतीत राहिलेला दिसतो. जनुक बिघडलेलं असण्याची दाट शक्यता.'

माझी बहीण एक घाव दोन तुकडे करणारी बाई आहे. रिपोर्ट वाचल्यावर तासाभरात तिने दवाखान्यात फोन करून ऑपरेशनची तारीख घेतली, डेपोत सहा आठवड्यांची रजा टाकली, आणि मग मला फोन केला. रडली नाही. मी तिच्या घरी पोचले तेव्हा ती कपाट आवरत होती. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, बोलायला तसाही कमीच. तो खिडकीशी उभा राहून स्क्रूड्रायव्हर या हातातून त्या हातात करत होता.

"आईसारखं नाही जायचं मला," धाकटी म्हणाली. "मूल नाही तर नाही. ताई, तू आता तोंड असं करून बसू नकोस."

"मी कसलंही तोंड केलेलं नाही."

"केलंयस."

मी रिपोर्ट हातात घेतला. शेवटच्या पानावर जेलचा फोटो होता. जेल म्हणजे आमच्याकडची एक चाळणीच, लहान तुकडे तिच्यातून लांब धावतात, मोठे मागे राहतात. फोटोत तीन रांगा होत्या. पहिली मोजपट्टीची. दुसरी एका निरोगी माणसाची, तिच्यात खाली एकच आखूड पट्टी. तिसरी धाकटीची, तिच्यात खाली आखूड आणि वर एक लांब. आईबापांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एक चांगली, एक बिघडलेली, असा त्याचा अर्थ लावलेला.

मी रांगा परत पहिल्यापासून मोजल्या. एक, दोन, तीन. चौथी कुठे आहे?

हे सांगायला थोडं थांबावं लागेल. आरएनए फार नाजूक. म्हणून तपासताना आधी एका एन्झाइमने त्याची उलटी नक्कल डीएनएत करून घेतात आणि मग ती नक्कल वाढवतात. पण रक्तातून आरएनए काढताना मूळ डीएनएही थोडाफार सोबत येतोच, आणि तो राहिला तर तोही वाढतो. जंतूंच्या कामात ही कायमची डोकेदुखी आहे. त्यांच्यात मधले तुकडे नाहीत, त्यामुळे मूळ डीएनए आणि आरएनएची नक्कल यांची लांबी सारखीच, जेलवर फरक कळत नाही. म्हणून आम्ही दर वेळी एक जादा नळी लावतो. तिच्यात सगळं घालायचं, फक्त ते उलटी नक्कल करणारं एन्झाइम घालायचं नाही. आमच्या खोलीत तिला 'उपाशी नळी' म्हणतात. उपाशी नळीतही पट्टी दिसली तर समजायचं, ही आरएनएची नाही, मूळ डीएनएची आहे. नमुना अस्वच्छ आहे, गुंडाळा आणि पुन्हा पहिल्यापासून करा.

वरच्या मजल्यावर ही नळी लावत नाहीत. त्यांचं म्हणणं, माणसाच्या डीएनएत मधले तुकडे असतात, म्हणून डीएनएची पट्टी लांब येते, आरएनएची आखूड. बघताक्षणी कळतं. मग जादा नळी कशाला? बरोबर आहे. नव्व्याण्णव वेळा बरोबर आहे.

पण इथे प्रश्नच हा होता की मधला तुकडा राहिलाय की नाही! लांब पट्टी दोन कारणांनी येऊ शकत होती. एक, धाकटीची कात्री चुकली. दोन, धाकटीचा नमुना नीट साफ झाला नव्हता. आणि दोन्हींचा फोटो हुबेहूब सारखा.

मी फोटोवर बोट ठेवलं. "हे अजून ठरलेलं नाही," मी म्हटलं.

"काय ठरलेलं नाही?"

"काहीच. ऑपरेशनची तारीख आहे तशी राहू दे. मला दोन दिवस दे."

"ताई." धाकटीने घडी घातलेला टॉवेल खाली ठेवला. "मी मनाची तयारी केली आहे. किती कष्टाने केली ते मला माहीत आहे. आता तू येऊन ते परत उसवू नकोस."

मला तिचं म्हणणं पटत होतं, आणि तरी मी उसवायचं ठरवलं.

सकाळी मी वरच्या मजल्यावर गेले. ती तपासणी केली होती आमच्या चष्मेवालीने. पोरगी हुशार, हात स्वच्छ, वर्षभरच झालंय तिला. मी तिच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले आणि जे बोलू नये ते बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. "तुम्हाला एक नळी जास्त लावायला काय हात मोडतात का?" इथपासून सुरुवात केली.

चष्मेवाली पांढरी पडली. "पण बाई, माणसाच्या नमुन्यात ती लावत नाहीत. डीएनए लांब येतो ना."

"आणि तुकडा राहिलेली प्रत? ती काय आखूड येते?"

तिने चष्मा काढला. तिला कळलं होतं. आणि तिला कळलं हे मला दिसल्यावर माझ्या रागातली हवाच गेली, कारण रागवायला समोर कुणीतरी न कळणारं लागतं.

आवाज ऐकून मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्रमुख. त्या कधी घाई करत नाहीत, चालतानाही नाही. त्यांनी फोटो उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "चूक आहे. पद्धतीतली आहे, म्हणजे माझी आहे. उरलेला आरएनए काढ आणि जंतूबाईंची नळी लाव. जंतूबाई, तुम्ही खाली जा."

मी खाली गेले. त्या दिवशी मी जंतूंना दोनदा खायला घातलं.

दुपारी तीनला चष्मेवाली जिना उतरून आली. तिने फोटो माझ्यापुढे ठेवला. उपाशी नळीत ती लांब पट्टी लख्ख दिसत होती. म्हणजे ती धाकटीच्या प्रतीची नव्हतीच, नमुन्यात राहून गेलेल्या मूळ डीएनएची होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून पोरगी घाबरून म्हणाली, "बाई, मोठ्या बाईंनी सांगायला सांगितलंय की ह्याचा अर्थ सगळं चांगलं आहे असा नाही. आपल्याला काहीच माहीत नाही, एवढाच अर्थ आहे."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "काहीच माहीत नाही हेसुद्धा काल कुठे होतं?"

ती हलली नाही. "अजून एक आहे. डीएनए राहिला कसा? साफ करायचं एन्झाइम मी घातलं होतं. निरोगी माणसाचा आरएनए फ्रीजरमधला जुना होता, तो स्वच्छ आहे. ह्या नमुन्यासाठी मी एन्झाइमची नवी नळी उघडली." तिने खिशातून एक छोटी नळी काढली. "ही."

नळीवर माझ्या अक्षरात तारीख होती.

डीएनए साफ करणारं हे एन्झाइम आमच्याच खोलीत बनतं. ते थंडीला घाबरत नाही, पण धसमुसळेपणाला घाबरतं. नळी जोरात हलवली तर मरतं. हळूच दोन-तीनदा उलटीपालटी करायची, बस. "तू ही कशी मिसळलीस?" मी विचारलं.

"व्होर्टेक्सवर," ती म्हणाली. व्होर्टेक्स म्हणजे नळी गरगर हलवणारं यंत्र. वरच्या मजल्यावर सगळ्या नळ्या त्याच्यावर धरतात. "नळीवर काही लिहिलेलं नव्हतं, बाई."

नव्हतंच लिहिलेलं. जुन्या मोठ्या बाटलीवर मी लाल शाईने लिहिलेलं असायचं, 'हलवू नका.' ह्या वेळी प्रथमच छोट्या नळ्या भरल्या, जागा कमी, आणि मनात म्हटलं, हे काय, सगळ्यांना माहीतच आहे. माझ्याच बहिणीचा नमुना, माझ्याच हातच्या एन्झाइमने घाण राहिला होता. आणि सकाळी मी सगळा मजला डोक्यावर घेतला होता! आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे?

"बस," मी तिला स्टूल दिलं. "सकाळी मी जे बोलले ते विसर. निम्मी चूक माझी आहे. निम्म्याहून जास्त."

"हात मोडतात का, हे जरा लागलं मला," ती म्हणाली.

"लागणारच. मी लागावं म्हणूनच बोलले होते. चुकलं माझं."

ती थोडी हसली. मग आम्ही दोघींनी बसून उरलेल्या एकतीस नळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बारीक आहे, त्यामुळे तिचं सगळं मावलं.

आता नवीन रक्त हवं होतं, आणि धाकटी ऐकेना. मी फोनवर सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. मग ती म्हणाली, "म्हणजे पहिल्यांदा अर्थ स्पष्ट नाही, मग बिघडलंय, आता परत अर्थ स्पष्ट नाही. तुमची प्रयोगशाळा आहे की तमाशा?"

"तमाशा आहे. तरी ये."

"आणि परत बिघडलंयच निघालं तर? मला दुसऱ्यांदा ऐकायला लावणार तू."

मी म्हटलं, "हो. आणि मी शेजारी बसेन."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती आली, गणवेशातच. बाही वर केली, रक्त दिलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि बस घेऊन गेली.

चष्मेवालीने ह्या वेळी सगळं दोनदा केलं. मला कुणी काही सांगत नव्हतं आणि मी विचारत नव्हते. पाचव्या दिवशी मोठ्या बाईंनी वर बोलावलं. जेलवर धाकटीच्या रांगेत खाली एकच आखूड पट्टी होती, निरोगी माणसासारखी. शेजारची उपाशी नळीची रांग कोरी करकरीत. मी काहीतरी आवाज काढला असणार, कारण मोठ्या बाईंनी बोट वर केलं.

"नाचू नका अजून. बिघडलेली प्रत कधीकधी पेशी स्वतःच फाडून टाकते. मग उरलेली एकटी चांगली प्रत दिसते आणि आपण फसतो. आई आणि वडील, दोघांकडच्या प्रती हजर आहेत का ते बघायला हवं. अजून तीन दिवस."

त्या तीन दिवसांबद्दल मला काही लिहायचं नाही. माझ्या नवऱ्याला विचारा, तो सांगेल.

आईवडील दोघांकडच्या प्रती ओळखायच्या कशा, तर धाकटीच्या त्या जनुकात कामाच्या मजकुरातही एका जागी दोघांकडचं अक्षर वेगळं होतं, निरुपद्रवी. आरएनएमध्ये ती दोन्ही अक्षरं सारख्या प्रमाणात दिसली तर दोन्ही प्रती सुखरूप. आठव्या दिवशी अकरा वाजता चष्मेवालीने मला पडद्यासमोर उभं केलं. आलेखात त्या जागेवर दोन टेकड्या होत्या, प्रत्येक अक्षराची एक, एक निळी, एक काळी. दोन्ही एकाच उंचीच्या.

"कात्री बरोबर चालतेय," मोठ्या बाई म्हणाल्या. "दोन्ही प्रतींत. ते अक्षर नुसता तीळ आहे. आईंना का झालं होतं ते मात्र आपल्याला कधी कळणार नाही, म्हणून दर वर्षीची तपासणी चुकवायची नाही. रिपोर्टवर मी सही केली आहे, डॉक्टरांना पाठवला आहे. आता तुम्ही इथे नोकरीला नाही, बहीण आहात. जा."

मी जिन्यावर बसले आणि मोठ्याने रडले. चष्मेवालीने मला पाणी आणून दिलं आणि मग तीही रडायला लागली, म्हणून निम्मं मी तिला पाजलं.

धाकटी गाडीवर असताना फोन घेत नाही. म्हणून मी समोरच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. तिची गाडी आली. मी चढले. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि मागून लोक चढत होते. तिच्या डोक्याच्या वर पाटी आहे, 'गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.' मी आयुष्यभर नियम पाळणारी बाई, जाऊन मागच्या सीटवर बसले. आणि बसल्याबसल्या डोळे परत वाहायला लागले. थांबेनातच. आरशातून ती मला बघत होती. मी हात हलवला, हसले, नाक पुसलं, परत रडले. अकरा थांबे झाले. प्रत्येक थांब्यावर तिने गाडी अलगद उभी केली, दार उघडलं, दार लावलं. एकदाही धक्का बसला नाही.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. तिने दार लावलं, हॅन्डब्रेक ओढला आणि मागे न बघता म्हणाली, "सांग. सरळ सांग."

"काही नाहीये तुला," मी म्हटलं. "जनुक चांगलं आहे. दोन्ही बाजूंनी तपासलं. काही काढायचं नाहीये."

"परत सांग."

मी परत सांगितलं. मग तिसऱ्यांदाही सांगितलं.

ती गर्रकन वळली. "मग रडत का होतीस गधडे! अकरा थांबे! मी अकरा थांबे मरत होते इथे!"

"पाटी आहे ना. बोलू नये म्हणून."

तिने मला टोपी फेकून मारली. मग उठून आली, माझ्या शेजारी बसली, आणि दोघी इतक्या हसलो की बाहेर उभे असलेले लोक काचेतून आत बघायला लागले. हसतहसतच तिने दवाखान्याला फोन लावला आणि ऑपरेशन रद्द केलं. तारीख घेतली होती त्याहूनही कमी वेळात. मग नवऱ्याला लावला. तो कुठल्या तरी इमारतीत लिफ्टवर काम करत होता. ती म्हणाली, "चांगलं आहे. हो. हो रे, चांगलं आहे," आणि मग दोघांनीही नुसताच फोन कानाला धरून ठेवला.

फोन ठेवल्यावर ती मान मागे टेकून बसली. मला वाटलं दमली.

"ताई, मला भीती वाटतेय," ती म्हणाली.

"आता कसली?"

"काढायचं ठरलं ना, तेव्हा सोपं होतं. मी सगळं बंद करून टाकलं होतं. मला नकोच आहे, असं रोज म्हणायचे, गाडी चालवताना. खरंच वाटायला लागलं होतं." तिने डोळ्यांवरून हात फिरवला. "आता परत हवंय म्हणायचं म्हणजे..."

नऊ वर्षांची होती तेव्हा तिने आईसाठी असंच केलं होतं. मला आई नकोच आहे, असं शाळेत सगळ्यांना सांगून आली होती. मी तिचा हात धरला.

बाहेर एका म्हाताऱ्याने दारावर टकटक केली. गाडी सुटायची वेळ होऊन गेली होती. चौदा वर्षांत धाकटीची गाडी वेळेवर सुटली नाही असं झालेलं नव्हतं. "लोक थांबलेत," मी म्हटलं.

"थांबू देत," ती म्हणाली. तिने माझा हात घट्ट दाबला. "मला मूल हवंय, ताई."